जुना फोन देताना: हँडसेट तुमचा, चावी तिची

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून मी जुने मोबाइल गोळा केले. बुटांच्या एका खोक्यात एकोणीस जमले. कुणाच्या काचेला तडा, कुणाचं मागचं झाकण गायब, दोन तर अगदी नव्यासारखे. मारहाण सोसून घराबाहेर पडलेल्या बायकांना ते द्यावेत म्हणून खोका घेऊन मी एका समुपदेशन केंद्रात गेले. तिथल्या ताईंनी चहा सांगितला, खोका उघडला आणि विचारलं, "यातल्या किती जणांनी फोनमधून आपलं खातं काढलंय?"

मला सांगता येईना. ताईंनी त्यातला एक चालू केला. पडद्यावर आमच्याच सोसायटीतल्या काकांचा नातवाबरोबरचा फोटो आला. "हा मी एखादीला दिला," त्या म्हणाल्या, "तर ती कुठे राहते ते उद्यापासून या काकांच्या नकाशावर दिसेल. काका सज्जनच असतील. पण आपला ठावठिकाणा कुणाला कळू नये, म्हणून तर ती इथे आलीये."

खोका परत घरी आणला. पुढचे काही आठवडे ताईंना विचारत, एकेक फोन तपासत जे समजलं, ते इथे सांगते. जुना फोन देणं ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती जरूर करावी. फक्त आपण नेमकं काय देतोय, ते आधी नीट समजून घ्यायला हवं.

फोनवर हात आधी पडतो

मारहाण सुरू व्हायच्या कितीतरी आधी बाईच्या फोनवर हात पडतो. आधी पासवर्ड मागितला जातो. मग कॉल हिस्टरी तपासली जाते. मग "आईशी रोज एवढं काय बोलायचं असतं?" सुरू होतं. रिचार्ज संपला की तो मारायला कुणाला वेळ होत नाही. आणि एके दिवशी फोन हिसकावला जातो, भिंतीवर आपटला जातो.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात हिंसेचा अर्थ फक्त मारहाण असा धरलेला नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारचा छळ त्यात येतो. ज्या सोयी-साधनांवर तिचा हक्क आहे, ती वापरायला बंदी घालणं हाही आर्थिक छळच. फोन काढून घेणं, तिच्या पैशाचे मेसेज स्वतःच्या फोनवर वळवून ठेवणं याकडे या नजरेने पाहिलं, तर ती निव्वळ नवरा-बायकोची कुरबुर राहत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के निघाल्या. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या मात्र १४ टक्केच होत्या, आणि त्यांनी ती मुख्यतः माहेरच्या माणसांकडे मागितली. पोलिस, वकील वगैरे फार नंतर येतात. पहिला फोन आईला, बहिणीला जातो.

पुण्याला हे नवं नाही. १९८२ साली लग्नानंतर चारच महिन्यांत मंजुश्री सारडा यांचा इथे मृत्यू झाला. त्यांनी बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुढे खटल्यात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. १९८४ मध्ये न्यायालयाने परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा नाही म्हणून पतीला निर्दोष सोडलं, पण ती पत्रं पुरावा म्हणून ग्राह्य धरली. त्या मृत्यूने हललेल्या स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्या विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन केलं. नारी समता मंच या पुण्यातल्या स्त्री-संघटनेचं काम उभं राहिलं ते याच काळात. त्या वेळी मनातलं बाहेर पोचवायला पोस्टाचं पत्र होतं. आज त्या जागी फोन आहे. फरक एवढाच की पत्र एकदा पेटीत पडलं की घरातल्या कुणाला वाचता येत नसे. फोनमधलं सगळं, फोन ज्याच्या हाती त्याला दिसतं.

खरी अडचण ओटीपीची

घर सोडून आलेल्या बाईला पहिल्याच आठवड्यात काय काय लागतं? आधार कार्ड, बँकेतून थोडे पैसे, मुलांच्या शाळेचा दाखला, वकिलाशी बोलणं. कागद बहुतेक वेळा सासरीच राहिलेले असतात. कुणी म्हणतं, हरकत नाही, आधार ऑनलाइन उतरवून घेऊ. त्यासाठी ओटीपी लागतो, आणि ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरावर. तो नंबर नवऱ्याचा!

बँकेचंही तेच. यूपीआय चालतं ते बँकेत नोंदवलेल्या नंबरावरच. 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये तिच्या खात्यात जमा होतात, पण जमा झाल्याचा मेसेज वाजतो भलत्याच्या खिशात. तिने कुठे काही उतरवून घ्यायचा प्रयत्न केला, की ओटीपीच्या रूपाने त्याला वर्दी मिळते. घर सोडून बारा दिवस झालेली बाई आज कोणत्या कामाला लागली आहे, हे त्याला घरबसल्या कळतं.

म्हणून ताई सारखं एकच सांगतात: "आम्हाला फोन हवाय त्याहून जास्त तिचा नंबर हवाय." तिच्या स्वतःच्या नावावरचं सिम, तिने स्वतः उघडलेलं खातं आणि दुसऱ्या कुणालाही माहीत नसलेला पिन. हँडसेट म्हणजे हे तिन्ही ठेवायची डबी. डबी आपण देऊ शकतो. आतलं सगळं तिचंच असायला हवं.

आधारमधला नंबर आधार सेवा केंद्रात जाऊन, बोटांचे ठसे देऊन बदलता येतो. त्यासाठी वेगळं कागदपत्र लागत नाही आणि जुन्या नंबरावरचा ओटीपीही लागत नाही. हे अनेकींना ठाऊक नसतं. आधार नव्या नंबराला जोडलं, मग बँकेच्या शाखेत जाऊन तिथला नंबर बदलला, की निम्म्या दोऱ्या सुटतात. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही पाहता येतं. आपल्या आधारवर परस्पर सिम काढलं गेलंय, असं तिथेच एखादीच्या लक्षात येतं.

चांगल्या मनाची माणसं इथे एक चूक करतात, म्हणून थोडं थांबून सांगते. फोनबरोबर आपल्या नावाचं चालू सिम देऊ नका. नंबर तुमच्या नावावर राहिला तर त्यावरून जे होईल त्याची जबाबदारी कागदोपत्री तुमची राहते, आणि तिला तो नंबर ना स्वतःचा म्हणून सिद्ध करता येतो, ना हरवला तर परत मिळवता येतो. एकाच्या ताब्यातून सुटून ती दुसऱ्याच्या मर्जीवर येते. त्याऐवजी केंद्राकडे रिचार्जचे पैसे द्या. नंबर साधारण ९० दिवस वापरलाच गेला नाही तर कंपनी तो बंद करून दुसऱ्याला देऊ शकते. खटपट करून आधारला, बँकेला जोडलेला नंबर असा गेला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला सांगितलं. साध्या बटणवाल्या फोनसाठी असा मोठ्या मुदतीचा पॅक ही फार उपयोगी भेट आहे.

ही कल्पना मुळात कुठली

वापरलेले फोन अशा स्त्रियांसाठी गोळा करायची चळवळ अमेरिकेत १९९० च्या दशकात वाढली. तिथल्या नियमानुसार सेवा बंद असलेल्या मोबाइलवरूनही ९११ हा आपत्कालीन नंबर लागायलाच हवा. त्यामुळे नुसता हँडसेट, सिम नसतानाही, संकटात उपयोगी पडे. व्हेरायझन कंपनीचा 'होपलाइन' हा उपक्रम त्यातूनच नावारूपाला आला. २०२२ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी जाळं बंद केलं आणि कपाटांतल्या असंख्य जुन्या फोनवरून ९११ सुद्धा लागेनासा झाला. ऑस्ट्रेलियात २०२० पासून 'डीव्ही सेफ फोन' ही संस्था फोन गोळा करते, तपासते, पुसून कोरे करते आणि पोलिस, रुग्णालयं, निवारागृहं यांच्यामार्फत पोचवते. फोन देणारा आणि घेणारी यांची गाठ कधी पडत नाही. मला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो.

आपल्याकडे मात्र बिनसिमच्या फोनवर विसंबू नये. सिम हवं, रिचार्ज हवा आणि त्या सिमला चालणारा हँडसेट हवा. जिओचं जाळं ४जी आणि ५जीचंच, त्यामुळे जुन्या ३जी फोनमध्ये ते सिम चालतच नाही. साधा २जी बटणवाला फोन एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलवर चालतो.

देण्याआधी घरी काय करायचं

आमच्या खोक्यातला दुसरा फोन रीसेट केलेला होता, तरी बिनकामाचा निघाला. मालकीणबाईंनी खातं न काढता थेट फॅक्टरी रीसेट मारला होता. अँड्रॉइड ५.१ पासून चोरीविरुद्ध एक कुलूप असतं: असा रीसेट झालेला फोन पुन्हा चालू करताना आधीचंच गूगल खातं आणि पासवर्ड मागतो. त्या बाईंना पासवर्ड आठवेना. तीन दिवसांनी त्यांच्या मुलाने अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर तो शोधून दिला, तेव्हा फोन सुटला.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फोटो, नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप तुमच्या नव्या फोनवर घ्या. बँकेची ॲप्स नव्या फोनवर चालू झाली याची खात्री करा. मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढा. सॅमसंग, शाओमी अशा कंपन्यांचं वेगळं खातं असेल तर तेही काढा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडा. सिम काढा, ई-सिम असेल तर ते पुसा. मेमरी कार्ड काढून स्वतःकडेच ठेवा. त्यातले पुसलेले फोटो साध्या सॉफ्टवेअरने परत मिळवता येतात. सगळ्यात शेवटी फॅक्टरी रीसेट. मग फोन चालू करून पाहा. पडद्यावर भाषा निवडायला सांगितलं आणि पुढे जुना पासवर्ड कुठेच मागितला नाही, तर काम झालं.

आता आयएमईआय. प्रत्येक हँडसेटचा हा १५ आकडी नंबर असतो. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो. 'केवायएम' लिहून पुढे तो नंबर १४४२२ ला एसएमएस केला, की फोनची माहिती येते आणि तो काळ्या यादीत आहे का तेही कळतं. बाजारातून सेकंडहँड घेतलेला फोन असेल तर हे कराच. आधीच धास्तावलेल्या बाईला 'तुमच्या हातातला फोन चोरीचा आहे' म्हणून पोलिसांचा फोन येणं, याहून वाईट काय? खरेदीचं बिल असेल तर त्याची प्रत केंद्राला द्या. नसेल तर आयएमईआय लिहून 'हा फोन मी स्वखुशीने दिला' अशी सहीची चिठ्ठी पुरते. चिठ्ठी केंद्राकडेच राहते, फोनबरोबर जात नाही.

हप्त्यांवर घेतलेला फोन असेल तर हप्ते पूर्ण फिटलेले हवेत. नाहीतर वित्त कंपनी तो दुरून लॉक करू शकते. हिंजवडी, खराडीतल्या कंपन्यांनी दिलेल्या ऑफिसच्या फोनबाबत तर विशेष काळजी घ्या. ते फोन कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेले असतात आणि रीसेट केल्यावरही पुन्हा तिथेच जोडले जातात. आयटी विभागाने ती नोंद काढून लेखी परवानगी द्यायला हवी. ते झालं, तर एकाच प्रकारचे वीस-पंचवीस चांगले फोन एकदम मिळतात आणि केंद्राचं काम फार सोपं होतं. अशा कंपनीत तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर आधी त्याला गाठा.

बॅटरी फुगलेली असेल, मागचं झाकण जरासं उचललेलं दिसत असेल, तर तो फोन चार्जिंगलाही लावू नका. बाकी बॅटरी दिवसभर टिकत नसेल तर तपकीर गल्लीत किंवा घराजवळच्या मोबाइलवाल्याकडे बदलून घ्या. व्हॉट्सॲप आणि बँकेचं ॲप त्यावर उतरतं का ते रीसेटच्या आधीच पाहा. चार्जर द्याच, तोही चालणारा. निवारागृहाच्या एका हॉलमध्ये आठ-दहा जणी आणि भिंतीला दोन प्लग, अशी परिस्थिती असू शकते. लांब वायरचा चार्जर तिथे मोलाचा ठरतो.

फोन महागडा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तो विका आणि पैसे केंद्राला द्या. ज्या बाईकडे कालपर्यंत पाच हजारांचा फोन होता तिच्या हातात अचानक चाळीस हजारांचा दिसला, की प्रश्न उठतात. त्या पैशांत तीन साधे फोन आणि तिघींचा काही महिन्यांचा रिचार्ज होतो.

दुसरा फोन घरातच लपवायचा असेल तर

काही जणी घर सोडून आलेल्या नसतात. त्या अजून तिथेच राहत असतात आणि मदत मागायला त्यांना दुसरा फोन हवा असतो. हा सगळ्यात नाजूक प्रसंग. लपवलेला फोन सापडला तर त्या दिवशी काय होईल, हे फक्त तिलाच ठाऊक असतं. म्हणून ओळखीतल्या एखादीला परस्पर फोन नेऊन देऊ नका. भाजीच्या पिशवीतून चोरून तर नकोच. आधी समुपदेशकाशी तिचं बोलणं व्हायला हवं. कधी कधी ती स्वतःच म्हणते, फोन नको, शेजारच्या काकूंचा वापरीन, मला फक्त दोन नंबर पाठ करून द्या. तेही उत्तम. आज कुणालाच कुणाचा नंबर पाठ नसतो, आणि हिसकावून घेता येत नाही असा तोच एक नंबर.

फोन घ्यायचं ठरलंच, तर तो कायम सायलेंटवर, व्हायब्रेशनही बंद. घरच्या वायफायला कधीच जोडायचा नाही, कारण जोडलेल्या फोनचं नाव राउटरच्या यादीत दिसतं. जुनं गूगल खातं त्यात टाकायचं नाही, नाहीतर सगळा इतिहास मागोमाग येतो. आपत्कालीन बटणाची पद्धत आधी समजून घ्यायची. १ जानेवारी २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ते बंधनकारक आहे: स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. प्रत्यक्षात फोनप्रमाणे पद्धत थोडीफार बदलते. काही फोन असं बटण दाबल्यावर मोठ्याने भोंगा वाजवतात. तो आवाज सेटिंगमधून बंद होतो आणि फोन देण्याआधीच हे तिला दाखवून ठेवायला हवं.

आणि तिचा जुना फोन? तो नेहमीसारखाच चालू ठेवायचा. त्यात तिच्यावर नजर ठेवली जात असेल, म्हणजे नकाशावर लोकेशन शेअर केलेलं असेल किंवा तिचं व्हॉट्सॲप दुसऱ्या यंत्राला जोडलेलं असेल, तर ते घाईने बंद केल्यावर समोरच्याला लगेच कळतं. कधी आणि कसं बंद करायचं हे सुरक्षेचा विचार करून, समुपदेशकाबरोबर ठरवायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो फोन रीसेट करायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, फेकायचाही नाही. धमकीचे मेसेज, रात्रीअपरात्रीचे कॉल, जखमांचे फोटो असा पुरावा त्यातच असतो. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली ठरावीक प्रमाणपत्र जोडून असा इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देता येतो. काच फुटलेला, बंद पडलेला फोनसुद्धा जपून ठेवायचा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम १८ प्रमाणे दंडाधिकारी छळ करणाऱ्याला फोन किंवा मेसेजवरून तिच्याशी संपर्क करायलाही मनाई करू शकतात. तो आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आदेश मोडला हे दाखवायला पुन्हा फोनमधलेच मेसेज कामी येतात.

पुण्यात कुठे

अचानक जाऊन खोका ठेवून येऊ नका, जे मी केलं होतं. आधी फोन करून विचारा: हवेत का, कसले हवेत, किती. स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांची समुपदेशन केंद्रं शहरात आहेत. निवारागृहाचा पत्ता मागू नका, 'कुणाला दिला ते सांगा' असंही म्हणू नका, आणि देताना फोटो तर अजिबात नको.

दुरुस्तीपलीकडे गेलेले फोन ई-कचऱ्यात द्या. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि जुनी यंत्रं परत घेऊन त्यांचा निचरा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सुक्या कचऱ्याच्या बादलीत मोबाइल टाकू नका. तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या बायकांना दबलेल्या बॅटरीमुळे भाजू शकतं.

आणि हे वाचणाऱ्या कुणाला फोन देण्यासाठी नाही, तर स्वतःसाठी मदत हवी असेल, तर तातडीच्या वेळी ११२. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००; स्त्रीला ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. अडचणीतल्या स्त्रियांना मदत करणारा शहर पोलिसांचा भरोसा सेल आहे, आणि 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, पोलिस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा यांची सोय एका जागी होते. बोलून झाल्यावर कॉल हिस्टरीतून तो नंबर पुसायला विसरू नका.

आमच्या एकोणीसपैकी शेवटी सहा फोन केंद्रात गेले. दोन विकले, त्यांच्या पैशांतून रिचार्ज झाले. उरलेले ई-कचऱ्यात. सहाही फोन मी पुसून, चार्ज करून, वायर गुंडाळून नेले होते. ताईंनी एकेक चालू करून पाहिला. पडदा कोरा, आणि त्यावर भाषांची यादी.

"मराठी निवडून ठेवू का?" मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या आणि फोन बंद करून पाकिटात ठेवला. "ते तिचं तिला करू दे."